मोडीला काय भाव?

भंडाऱ्यात पितळेची नवी गुंडी घ्यायला जाताना माणूस घरातली चेपलेली गुंडी पिशवीत घालून नेतो. दुकानदार ती तराजूत टाकतो, मोडीचा भाव लावतो आणि तेवढे पैसे नव्या गुंडीतून वजा करतो. जुनी भट्टीत जाते.

गाडी हलकी केली की पर्यावरणाचं भलं झालं, असं सांगणाऱ्यांना मी हा तराजू दाखवीन. त्यांचा हिशेब खोटा नाही. वजन 10 टक्के घटलं की इंधन साधारण 6 ते 8 टक्के वाचतं, आणि पोलादाच्या मानानं काचेच्या धाग्याचं फायबर चौथाईच वजनाचं. पण हा हिशेब गाडी रस्त्यावर आहे तोवरचा. फायबरमधलं पॉलिस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही; तापवलं तर जळतं. भंगारवाला पत्रा तोलतो, तांब्याच्या वायरी सोलतो आणि फायबरचा बंपर बाजूला भिरकावतो.

‘मग काचेऐवजी नैसर्गिक धागा घाला’ म्हणणारेही घाईत आहेत. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचं अंग कापसाच्या टाकाऊ धाग्याचं आणि फिनॉलच्या रेझिनचं होतं. गाड्या मोडीत निघाल्या तेव्हा त्या अंगाचं करायचं काय, हेच कळेना. कापूस नैसर्गिकच होता की!

म्हणून पोलादच बरं? भंडाऱ्याजवळ गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स बनतात. त्यांचे दाते नैसर्गिक धाग्याचे करा, असं कुणी म्हणत नाही. पण दाराच्या आतलं अस्तर, बसच्या छताची आतली बाजू, सीटची पाठ इथं पोलादाचा आग्रह कशाला?

इथंच आपल्या धुऱ्यावरची अंबाडी कामाला येते. टोयोटानं हाच धागा ‘केनाफ’ या नावानं दाराच्या पॅनेलमध्ये वापरला; आपण त्याचे दोर वळले. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक 165 अंशांच्या आसपास वितळतं, अंबाडी 200 च्या पुढे करपू लागते. मधल्या फटीत दोन्हींची गादी दाबून पॅनेल काढता येतं. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा वितळत असल्यानं कातरण परत साच्यात घालता येतं. दर फेरीत धागा आखूड होतो, माल थोडा उतरतो, हे खरं.

आणखी दोन अडचणी लपवू नयेत. धागा पाणी पितो. बाहेर वापरायचा तर काय करावं लागतं, ते वणी-वरोरा महामार्गावर दिसतं: तिथल्या 200 मीटर बांबूच्या कठड्याला 2023 मध्ये क्रिओसोट तेल पाजून वर प्लास्टिकचा थर द्यावा लागला. दुसरी अडचण जास्त जवळची. अंबाडी बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, कुजत घातली की पाणी काळं पडतं, मासळी गुदमरते, आणि मासेमारी करणाऱ्या धिवरांची चूल विझते. कारखान्यासाठी कुजवण करायची तर वेगळ्या टाक्यांत, सांडपाण्याच्या बंदोबस्तासह. तो खर्च पॅनेलच्या किमतीत धरायचा, बोडीच्या माथी मारायचा नाही.

आणि प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर ‘पॉलिप्रॉपिलीन-अंबाडी’ असा ठसा हवा. पंधरा वर्षांनी ते दार भंगारवाल्याच्या हातात येईल तेव्हा, कुठल्या ढिगात टाकायचं ते त्याला कळायला हवं.