विणकरांच्या गावाचा किराणा

यंदा १९ मार्चला गुढीपाडवा आणि चंद्र दिसेल त्याप्रमाणे पाठोपाठ ईद. भिवंडीत दोन्ही सणांची खरेदी एकाच गर्दीत चालू आहे. कुणाच्या पिशवीत चक्का आणि साखरगाठी, कुणाच्या पिशवीत शेवया आणि खजूर. याच दिवसांत नवा गहू, नवी तूर, लाल मिरची, हळद बाजारात येते आणि ज्यांना जमते ती घरे साल भरायला घेतात. आगरी घरांत मसाल्याचे सामान निवडून, उन्हात वाळवून डंकावर जाते. तांदळाला एरंडेलाचा हात लागतो, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला पडतो.

काटकसर आणि पर्यावरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे अलीकडे बोलले जाते. पर्यावरणाला जपायचे तर चार पैसे जास्त मोजावे लागतात, असा समजही पसरला आहे. साल भरणाऱ्या घरात तो टिकत नाही. सुगीचा माल एकदम घेतला की किलोमागे पैसे वाचतात. पन्नास किलोच्या गोणीतला गहू किलो-किलोच्या पाकिटांतून घ्यायचा तर प्लास्टिकच्या पन्नास पिशव्या घरात येतात. गोणीची मात्र पुढे पायपुसणी होते, नाहीतर भंगारवाला ती घेऊन जातो. करातही फरक आहे. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालाला तो लागत नाही. म्हणजे आपली पिशवी घेऊन सुटी तूरडाळ आणणारी बाई पैसाही वाचवते आणि कचराही टाळते.

पण हे सगळे कोणाला जमते? हातात एकरकमी पैसा हवा आणि घरात एक कोरडा कोपरा हवा. यंत्रमागावर काम करणाऱ्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने ठरते आणि हाती येते तेव्हा तिच्यावर उधारीचा हक्क आधीच लागलेला असतो. एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आळीपाळीने झोपतात. तिथे गोणी ठेवणार कुठे? म्हणून पाव किलो डाळ, तेलाचे छोटे पाऊच, मसाल्याची पुडी, चहाची पुडी. किलोचा हिशेब मांडला तर सर्वांत महाग किराणा हाच कामगार घेतो आणि सर्वांत जास्त प्लास्टिकही त्याच्याच पदरात पडते. ते पुढे गटारात जाते, कामवारी नदीत जाते आणि जोराचा पाऊस झाला की तीनबत्तीच्या भाजी मार्केटात पाणी भरते. नुकसान पुन्हा हातगाडीवाल्याचे आणि बैठ्या चाळीचे. अशा माणसाला ‘पर्यावरणपूरक खरेदी करा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याच्या दारिद्र्यावर लागलेली ही जादा पट्टी आधी उतरवली पाहिजे.

ती उतरवण्याचा एक मार्ग या शहराने स्वतःच शोधलेला आहे. भिवंडीतली बिस्सी ही घर सोडून आलेल्या माग कामगारांची खानावळ. महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि दोन वेळा जेवायचे. तिथे तांदूळ गोणीने येतो, तेल डब्याने येते, एका चुलीवर पन्नास जणांची डाळ शिजते. वीस खोल्यांत वीस स्टोव्ह पेटण्यापेक्षा इंधन किती तरी कमी लागते. बिस्सीतली गर्दी, कोंदट हवा, भांडी घासायच्या पाण्याची ओढाताण हे सारे सुधारायला हवे, यात शंका नाही. पण एकत्र घेणे आणि एकत्र शिजवणे यांत जी बचत आहे ती बिस्सीला कुणी शिकवलेली नाही.

ग्राहकांच्या सहकाराचा इतिहास पाहिला तर विणकर त्यात पुन्हा पुन्हा भेटतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल या कापडाच्या गावात १८४४ साली २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, थोडे थोडे पैसे साठवून एक दुकान उघडले. सुरुवातीचा माल होता पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. माल शुद्ध, वजन पूर्ण आणि नफा सभासदांत त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात, हे त्यांच्या नियमांतले मुख्य. जगभरची सहकारी चळवळ आपले मूळ तिथे शोधते. मुंबईत १९४८ साली नायगावात कामगारांनीच अपना बाजारची सुरुवात केली. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. तिची वितरण व्यवस्था आजही चालते: शेजारपाजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची यादी आधी, माल घाऊक बाजारातून, तो एका सभासदाच्या घरी उतरतो आणि वाटणी सगळे मिळून करतात. मागणी आधी कळते, म्हणून माल पडून राहत नाही, नासत नाही. पन्नास वर्षे उलटली तरी ही गोष्ट जुनी झालेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबला आणि गिरण्यांचे पुष्कळसे काम यंत्रमागांकडे वळले. भिवंडी वाढली ती त्यानंतर आणखी वेगाने. माग आले, कामगार आले. कामगारांनी आपले दुकान आपण चालवण्याची गिरणगावची रीत मात्र तेवढ्या जोमाने इथे रुजली नाही. आता तर माणकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांतून निम्म्या मुंबईचे सामान खोक्यांत भरून निघते. शेजारच्या वाडा तालुक्याचा कोलम तांदूळ, गोदामांतले धान्य, हमालीचे हात, सगळे इथेच आहे. अशा गावात कामगाराने पाव किलोच्या भावाने डाळ घ्यावी, हे आम्हाला मान्य नाही.

पहिली बचत रेशनची. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातले शिधापत्रिकाधारक आपल्या हक्काचे धान्य ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत भिवंडीत उचलू शकतात. ज्यांचे कार्ड गावाकडे पेटीत पडून आहे त्यांना हे सांगणे युनियनचे, मशिदींच्या आणि मंदिरांच्या मंडळांचे काम आहे. त्यानंतर महिला बचत गट. गटाच्या कर्जातून लग्न निघते, शिवणयंत्र निघते. मग दोन महिन्यांची डाळ का निघू नये? जागेची अडचण एका खोलीत सुटत नाही, दहा घरांनी मिळून सुटते. एखादा कारखानदार कोरडा कोपरा देऊ शकेल, एखाद्या शाळेची बंद खोली मिळू शकेल.

सुटे म्हणजे सगळेच चांगले, असेही नाही. सुटे खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, आणि ती रास्त आहे, कारण भेसळ तिथेच सोपी असते. तेलासाठी पंधरा किलोचा सीलबंद डबा घ्यावा आणि तीन घरांत वाटून घ्यावा. मसाले अख्खे घ्यावेत. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही ते विचारायला संकोच करू नये.

पिशवीबद्दल तर भिवंडीने कुणाकडे पाहूच नये. प्लास्टिक पिशव्यांवर राज्याने २३ मार्च २०१८ ला बंदी आणली, त्यालाही पाडव्याच्या आसपास आठ वर्षे होतील. इथे ग्रे कापडाचे तुकडे, कडेचे कटपीस रोज निघतात. त्यांतले सुती वेगळे काढून (पॉलिस्टरची पिशवी धुताना पुन्हा प्लास्टिकचेच तंतू सोडते) गटांकडून शिवून घेतले आणि महापालिकेने भाजी मार्केटांत ठेवीवर दिले, तर बंदीला निदान हातात धरण्यासारखे काही मिळेल.

सुरुवात लहान असावी. दहा-बारा घरे किंवा दोन बिस्सी, एक वही, आणि गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर या चारच जिनसा. तेल आणि मसाला पुढच्या फेरीला. मृगाचा पाऊस येण्याआधी धान्याला ऊन दाखवून डबे भरायचे असतील तर माल मेच्या पहिल्या आठवड्यात उतरला पाहिजे, आणि त्यासाठी पहिली यादी एप्रिलच्या पगाराला तयार हवी.