सांदीकोपऱ्यासाठीं ड्रिल कसें निवडावें ?

यवतमाळ जिल्हा हा सागवानाचा जिल्हा. येथील जुन्या घरांतून सागाचे खांब, तुळया, भिंतींतील फडताळें आणि देवघरें अद्यापि पाहावयास मिळतात. लांकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. परंतु बिजागरी सुटते, कडीकोयंडा ढिला होतो, एखादी फळी खालीं बसते. दुरुस्ती म्हणजे बहुधा एक लहानसें भोंक आणि एक स्क्रू, एवढीच असते. मात्र तें भोंक नेमकें पाडावयाचें असतें फडताळाच्या आंतल्या कोंपऱ्यांत, जेथें हात शिरतो पण यंत्र शिरत नाहीं. मग यंत्र तिरपें धरलें जातें, स्क्रू तिरपा बसतो आणि जुनी फळी कडेला चिरते. चिरलेली फळी पूर्ववत् होत नाहीं. यासाठींच अडचणीच्या जागेंत उपयोगी पडणाऱ्या विजेच्या ड्रिलचा विचार या वेळीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अडचणीचें मूळ यंत्राच्या आकृतींतच आहे. १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यानें हातांत धरून चालविण्याचें विद्युत् ड्रिल तयार केलें. १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांस पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें, आणि तोच आकार आजतागायत रूढ आहे. त्यांत मोटर, दंतचक्रें व बिट धरणारा चक हीं एका सरळ रेषेंत एकामागें एक बसविलेलीं असतात. म्हणून यंत्र लांब होतें. काटकोनी ड्रिलमध्यें तिरप्या दांतांच्या चक्रांच्या योगानें ही रेषा वळविलेली असते. मोटर मुठींत जाते आणि भोंकाच्या रेषेंत केवळ लहानसें डोकें उरतें.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील जागा मोजावी. मापें दोन घ्यावयाचीं : भोंकाच्या जागेपासून समोरच्या अडथळ्यापर्यंतचें एक, आणि भोंकाच्या मध्यापासून बाजूच्या फळीपर्यंतचें दुसरें. आरंभीं बिटाचें टोंक लांकडावर टेकलेलें असतें. यास्तव ड्रिलची लांबी व चकाबाहेर राहणारें बिट यांची बेरीज पहिल्या मापाहून कमी हवी. समजा, दोन फळ्यांमध्यें २० सेंटिमीटर अंतर आहे आणि बॅटरीवरील लहान ड्रिल १६ सेंटिमीटर लांब आहे. चार मिलिमीटर जाडीचें नेहमींचें बिट ७५ मिलिमीटर लांब असतें. त्यांतील २५ मिलिमीटर चकांत गेलें, तर बाहेर पांच सेंटिमीटर उरतें. बेरीज २१ झाली. यंत्र शिरणार नाहीं. त्याच जाडीचें आंखूड बिट ५५ मिलिमीटरांचें मिळतें. तें लावल्यास बेरीज १९ होते आणि काम सरळ होतें. थोड्याशा खर्चाच्या बिटानें जें साधलें, त्यासाठीं नवें यंत्र घेण्याचें कारण उरलें नाहीं.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. एकदोनच भोंकें असतील तर सुताराचें गिरमिट पुरेसें आहे. तें मुठींत मावतें. नंतर आंखूड बिट. त्यानेंहि जागा पुरत नसेल तर घरांतील ड्रिललाच लावण्याचा काटकोनी जोड घ्यावा. यास बहुधा पाव इंची षट्कोनी दांड्याचें बिट लागतें. जेथें असें काम वारंवार निघतें, तेथेंच स्वतंत्र काटकोनी ड्रिल शोभतें. दुसरें माप यंत्राच्या अर्ध्या जाडीहून कमी असेल, तर यंत्र बाजूच्या फळीला टेकून तिरपें होणारच. तेथें लांबी कमी करून भागत नाहीं, डोकें अरुंद हवें.

पुष्कळ लोक व्होल्टचा आंकडा पाहून यंत्र घेतात. फडताळांतील स्क्रूसाठीं १२ व्होल्टचें ड्रिल पुरतें; वेग कमीजास्त करतां येतो कीं नाहीं, हें पाहणें अधिक अगत्याचें. भिंतींत भोंकें पाडण्यासाठीं ठोके देणारें ड्रिल वेगळें असतें. काटकोनी ड्रिलकडून तें काम अपेक्षूं नये. सागांत वाळूच्या जातीचा अंश असल्यामुळें बिटाची धार लवकर जाते. म्हणून बिट चांगल्या पोलादाचें घ्यावें. स्क्रूपेक्षां बारीक भोंक आधीं पाडावें, आणि स्क्रूला थोडें मेण लावावें.

बॅटरीच्या यंत्राचा एक मोठा गुण असा कीं, विजेच्या बटनांजवळ काम करतांना घराचा मुख्य प्रवाह बंद ठेवतां येतो. परंतु लिथियमची बॅटरी ४० ते ४५ अंशांवरील उष्णतेंत भारूं नये, असें कारखानदार सांगतात. वैशाखांतील यवतमाळचें ऊन ध्यानीं घेऊन ती माजघरांत, सकाळीं भारावी.

बिट लांकडांत अडकल्यास काटकोनी यंत्र मनगटाला एकदम हिसका देतें. म्हणून वेग मंद व पकड घट्ट ठेवावी, पदर व उपरणें खोंचून घ्यावें, मोकळे केंस बांधावे, हातमोजे घालूं नयेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एकत्र कुटुंबांत यंत्र सर्वांचें असतें, म्हणजे पुष्कळदां कोणाचेंच नसतें. याकरितां त्याची पेटी एकाच जागीं व लहान मुलांच्या हाताबाहेर असावी, बॅटरी काढून ठेवलेली असावी. घरांतील अडचणीच्या जागांचीं मापें एका चिठ्ठीवर लिहून त्याच पेटींत ठेवावीं. पुढील खरेदीच्या वेळीं ती चिठ्ठी घेऊनच दुकानाची पायरी चढावी, अशी आमची वाचकबंधुभगिनींस सूचना आहे.