शुक्रतारा आणि चपराक

साठ वर्षें उलटलीं तरी एखादें भावगीत घरोघर गुणगुणलें जावें, ही गोष्ट मराठींत नित्य घडत नाहीं. ‘शुक्रतारा मंद वारा’ या द्वंद्वगीताच्या वांट्यास तें भाग्य आलें आहे. विद्वान परीक्षकांस तें हळवें वाटो. श्रोत्यांनीं आपला निकाल फिरविलेला नाहीं. गायक अरुण दाते २०१८ सालीं निवर्तले, त्यांचें गीत मागें राहिलें आहे.

या चिरंजीवित्वाचें कारण विचारलें, म्हणजे आमची शिष्ट मंडळी ‘अस्सल मराठी संस्कार’ असें उत्तर देऊन मोकळी होतात. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. गीत घडविणारीं माणसें कोण होतीं, तें पाहावें. कवि मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे; संगीतकार श्रीनिवास खळे यांचा जन्म बडोद्याचा; अरुण दाते इंदूरचे, कानांवर उर्दू गझलेचा संस्कार घेऊन आलेले; आणि सुधा मल्होत्रा तर पंजाबी कुटुंबांतल्या, हिंदी चित्रपटांतून नांवारूपास आलेल्या. या बाईंस मराठी गाण्यासाठीं कोणी दरडाविलें नव्हतें. शब्द गावेसे वाटण्याजोगे होते, चाल त्या शब्दांस शोभणारी होती, म्हणून त्या गायिल्या, आणि मराठी श्रोत्यांनीं तो स्वर आपलाच मानला.

हें आज सांगण्याचें कारण मीरा-भाईंदर येथील प्रकार. मराठी न बोलल्यावरून एका दुकानदारास झालेल्या मारहाणीचें प्रकरण २०२५ च्या जुलैंत गाजलें. व्यापाऱ्यांनीं निषेध केला, आणि ८ जुलै रोजीं मराठी भाषिकांचा मोर्चा निघाला. मराठी माणसाची तक्रार खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या राज्यांत पिढ्यान् पिढ्या उदीम केला, त्याची भाषा शिकण्याची गरजच न वाटणें ही आढ्यताच होय. कचेऱ्यांत व पाट्यांवर कायद्यानें मराठी आणावी, यास आमची पूर्ण संमति आहे. परंतु चपराकेनें फार तर चार शब्द वदवितां येतात, आणि उगारलेला हात खालीं येतांच तेही विसरले जातात.

‘गाण्यांनीं का कोठें भाषा तगते?’ असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, भाषा ऐकणारा कोणी पहारेकरी जवळ नसतां मनुष्य आपणहून जें गुणगुणतो, तेथेंच तिचें खरें राज्य असतें. हिंदी गाण्यानें मराठी घरांत प्रवेश केला, तो काय लाठी घेऊन?

आतां एक कडू गोष्ट. तिकिटें काढून भावगीतांच्या मैफलीस जाणारे आईबाप, आणि मराठीची एक ओळ सरळ वाचतां न येणारीं त्यांचीं मुलें, हीं आज एकाच सुशिक्षित मराठी घरांत नांदत आहेत. त्या घराच्या दारावर मोर्चा जात नाहीं! परक्याच्या तोंडीं मराठी नाहीं म्हणून संतापावयाचें, आणि स्वतःच्या मुलाच्या तोंडीं नाहीं त्याचें कौतुक करावयाचें, ही कोणती भाषाभक्ति?

मीरा रोड येथें लता मंगेशकर यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. त्यांचाही जन्म इंदूरचाच. तेथें जुन्या गीतांच्या उजळण्या अवश्य व्हाव्यात. पण तेवढ्यानें वारसा चालत नाहीं. नव्या कवींकडून नवीं गीतें लिहवून घ्यावीं, त्यांस योग्य मोबदला द्यावा, आणि शेजारच्या गुजराती, मारवाडी, हिंदी मुलांस आपल्या मुलांच्या जोडीनें तीं शिकवावीं. त्यांतून दुसऱ्या सुधा मल्होत्रा निघाल्या, तर मराठीचें जें हित होईल, तें शंभर मोर्चांनीं होणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.