मावशींचा रोज आणि झिम्बाब्वेचा कापूस

महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या आणि आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींनी ओट्याशी उभं राहून जाहीर केलं, "ताई, आता काही दिवस मला धरू नका. फुलं लागली."

फुलं लागली म्हणजे भेंडीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंग, म्हणजे हाताने फुलांचा संकर करण्याचं काम, सुरू झालं. जालन्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थही समजावून सांगावा लागत नाही. मावशी नसल्या की घरातल्या भांड्यांचा नैतिक भार माझ्यावरच असतो.

खरं तर या आठवड्यात मी अगदी वेगळं लिहिणार होतो. रविवारी एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय भारदस्त होता : आपल्या कंपन्या परदेशात पैसा गुंतवतात, तेव्हा इथल्या कामगारांच्या वेतनाचं काय होतं? वक्ते पुण्याहून आले होते. पडद्यावर आलेख आणि आलेखात एक हिरवा बाण, सारखा वर चाललेला. शेवटी मागच्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठले आणि म्हणाले, "सायेब, बाण वर गेला ते दिसलं. बायांचा रोज कुठं गेला?" वक्त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चहा तयार असल्याचं सांगितलं. समोसे गार होते, प्रश्न मात्र गरम होता. तोच घेऊन मी घरी आलो.

आकडे एकाच परिच्छेदात उरकतो. तीस वर्षं वाणिज्य शिकवून मुलांना पुरेसं झोपवलं आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच महिकोने 2014 मध्ये झिम्बाब्वेतल्या क्वटन या कापूस-बियाणे कंपनीचा 60 टक्के हिस्सा एक कोटी डॉलरला घेतला. बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रियातल्या केटीएममध्ये पैसा घातला, तर पुढे केटीएमच्या लहान गाड्या चाकणला बनू लागल्या. म्हणजे पैसा बाहेर गेला आणि काम घरी आलं. हार्वर्डचे मिहिर देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकी कंपन्यांबद्दल हेच दाखवलं : ज्या बाहेर वाढतात, त्या बहुधा घरीही वाढतात. हिरवा बाण तो हाच. पण डॅनी रॉड्रिक या अर्थतज्ज्ञाने 1997 मध्येच दुसरी बाजू मांडली होती. कारखाना उचलून दुसरीकडे नेता येतो, कामगाराला घरदार उचलता येत नाही. त्यामुळे घासाघीस करायला बसल्यावर त्याचं पारडं हलकं राहतं. मालकाने प्रत्यक्ष जायलाही नको. "जाईन" एवढं म्हटलं तरी काम भागतं.

हे वाक्य माझ्या वहीत मी दोनदा अधोरेखित केलं होतं. आणि सोमवारी सकाळी मावशी ओट्याशी उभ्या राहिल्या, तेव्हा मला आषाढ आठवला. आषाढात मावशींनी महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले होते. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो होतो, "बघू. नाहीतर दुसरं कुणी बघतो." दुसरं कुणी नव्हतंच. पण मावशी गप्प बसल्या आणि दोनशे रुपये वाचले. म्हणजे रॉड्रिकसाहेबांनी लिहिलेली ती कंपनी आमच्याच स्वयंपाकघरात होती, आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक मी.

"पण महालक्ष्म्या आहेत हो!" सौभाग्यवती म्हणाल्या. "दोन दिवस फुलं थांबणार नाहीत का?"

मावशी हसल्या. अंगणात गेल्या आणि जास्वंदीची उद्या उमलणारी एक टपोरी कळी तोडून घेऊन आल्या. "भेंडी, कपाशी, ही जास्वंद, सगळ्या एकाच घरच्या. हे बघा." उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं, कडेला काळं पडलेलं. ते कळीच्या बुडाशी गोल फिरवलं, हलका पीळ दिला आणि बाळाची टोपडी निघावी तशा पाकळ्या पुंकेसरांसकट वर निघून आल्या. आत फक्त एक बारीक पांढरी दांडी उभी राहिली. "संध्याकाळी असं सोलायचं, दोरा बांधायचा. सकाळी नराचं फूल आणून हिच्यावर फिरवायचं. दुपारी फूल मिटलं की खेळ खलास." नख जरा खोल गेलं तर कळी मेली आणि एक पुंकेसर आत राहिला तर बी बाद. वर भेंडीची लव अशी टोचते, की शर्टाच्या जुन्या बाह्या हातात चढवून काम करावं लागतं.

उद्याच्या पूजेसाठी राखलेली कळी सोलली गेल्यामुळे सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी मात्र वही काढली.

"मावशी, रोज वाढवून मिळाला का?"

"मिळाला की. मालक पहिल्यांदा म्हणला, परवडत नाही, देऊळगावराजाकडून गाडी भरून बाया आणतो. म्हणलं, आण. गाडी येईपर्यंत आजची फुलं मिटतेत. संध्याकाळी मुकादमाला धाडलं त्यानं."

तो प्लॉटचा मालकही बिचारा काही धनाढ्य शेठ नव्हे, साधा शेतकरी. बियाण्याचा भाव कंपनी ठरवते, मधला ऑर्गनायझर तो शेतकऱ्याला सांगतो आणि त्यातून जे उरेल त्यात शेतकऱ्याने बायांचा रोज बसवायचा. "दुसरीकडे जाऊ" हे वाक्य वरून या सगळ्या पायऱ्या उतरत खाली येतं आणि शेवटच्या पायरीवर मावशी उभ्या असतात. फक्त वर्षातले हे काही दिवस असे, की वाक्य उतरेपर्यंत फूल मिटलेलं असतं. मग फुलं संपतील, रोज पुन्हा जागेवर येईल आणि मावशी आमच्या ओट्याशी येतील. तिथे मी आहेच, पेपरात डोकं घालून.

महालक्ष्म्या पार पडल्या. सोळा भाज्यांची पातेली, पुरणयंत्र, आंबिलीचा गंज हे सगळं मी घासलं. कमरेबद्दल स्वतंत्र लेख येईल. मावशी संध्याकाळी प्लॉटवरून परस्पर प्रसादाला आल्या, हाताला अजून भेंडीचा चिकटपणा होता. मी दोनशे रुपयांची वाढ जाहीर केली, आषाढापासूनच्या थकबाकीसह. सौभाग्यवतींनी दोन लुगडी पुढे केली, म्हणजे माझी घोषणा झाकली गेली. मग मी मावशींना झिम्बाब्वेची गोष्ट सांगितली : इथली कंपनी पार आफ्रिकेत गेली, तिकडे कापसाचं बियाणं करते.

पुरणपोळीचा घास हातात तसाच धरून मावशी विचारात पडल्या.

"सर, तिकडं कपाशीचं फूल किती दिवस राहतंय?"

"इथल्यासारखंच. सकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटतं."

"एकच दिवस ना?" मावशींनी घास तोंडात टाकला. "मंग बरंय."