वाडीचा हिशेब गावात बुडतो

आपल्या जिल्ह्याचं नाव निघालं की बोलणारा पहिल्यांदा उसावर येतो. त्यात वावगं काही नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, आणि त्यानंतर निम्म्या जिल्ह्याचं नशीब उसाने फिरलं. पण त्या उसाला लागणारं पाणी येतं कुठून, हे विचारलं तर लोक भंडारदऱ्यापर्यंत येऊन थांबतात. १९२६ साली पुरं झालेलं ते धरण, अकरा टीएमसीचं. धरणाच्या वर कोण राहतं, हा प्रश्न पुढे कुणी विचारत नाही.

वर राहतात अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर. गाव म्हणावं तर कागदावर एक, प्रत्यक्षात चार-पाच वाड्या. वीस घरांची एक, तीस घरांची दुसरी, मध्ये ओढा नाही तर डोंगराची सोंड. घाटघरला पाऊस एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. आपल्या पाथर्डी-जामखेडच्या माणसाला हा आकडा खोटा वाटेल. तरीही एप्रिल उजाडला की वरच्या कित्येक वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर बसलेल्या असतात, वाटीवाटीने पाणी भरत. काळा पाषाण आणि उभा उतार, पाणी थांबणार कसं? आम्ही अधिकारी मंडळी जिथे तिथे हिवरेबाजारचा दाखला देतो, आणि तो दाखला मोठाच आहे. पण तिथली अडचण पाऊस कमी असण्याची होती, इथली पाऊस निसटण्याची आहे. एकच औषध दोन्हीकडे चालत नाही.

आता एका घराचा हिशेब मांडू. हा उदाहरणादाखल आहे, पण डोंगरातल्या कुणालाही विचारा, फार फरक सांगणार नाही. सहा माणसं, एकरभर खाचर, आणि वरच्या अंगाला थोडी वरकस. खाचरात भात दहा क्विंटल धरा, कांडल्यावर तांदूळ साडेसहा क्विंटल. वरकसावर नागली, वरई, थोडी खुरासणी. घरात रोज अडीच किलो धान्य शिजतं म्हटलं तर वर्षाला नऊ क्विंटल झालं. अंत्योदयचं कार्ड असेल तर महिन्याला पस्तीस किलोप्रमाणे वर्षाचं चार क्विंटल वीस किलो रेशनचं धान्य येतं, तेही २०२३ पासून मोफत. म्हणजे कार्ड असलेल्या घरी पोटाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. हे कबूल करायला हवं, कारण वाडीवर भाषण करणारे पुष्कळजण अजून उपासमारीपासूनच सुरुवात करतात.

कमी पडतो तो रोकडा. तेल, मीठ, मोबाईलचा रिचार्ज, आश्रमशाळेतल्या पोराला भेटायला जायचं एसटीचं भाडं, लग्न, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दवाखाना. हा पैसा खाचरातून निघत नाही. मग आषाढ-श्रावणात, आवणीच्या तोंडावर, जेव्हा कणगी तळाला गेलेली असते, तेव्हा घरचा माणूस उचल घेतो. दिवाळीनंतर भात खळ्यावरून घरात आलं की नवरा-बायको कुलूप लावून नारायणगाव, आळेफाटा, जुन्नरकडे टोमॅटो-कांद्याच्या कामाला निघतात. मागे म्हातारी आणि शेळ्या. बाहेरचे लोक म्हणतात, मजुरी चांगली मिळते, मग रडता कशाला? मजुरी मिळते हे खरं. पण तिचा दर ठरला तो श्रावणात, कणगी रिकामी असताना. अशा वेळी ठरलेला भाव कुणाच्या बाजूचा असतो, हे बाजार समितीत माल नेणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

मग वाडीजवळ विकायला काही नाहीच का? आहे, आणि इथेच माझं म्हणणं आहे. वरई बघा. वाडीवरली बाई ती पेरते, लावते, कापते, झोडपते. भरडायला जातं किंवा उखळ, त्यात जीव जातो, म्हणून वरई तुसासकट व्यापाऱ्याला घातली जाते. तीच पुढे नाशिककडच्या गिरण्यांत जाऊन भगर होते, आणि आषाढी-महाशिवरात्रीला पुडीतून परत येते. विकणारीच ती विकत घेते! तूस-कोंडा जाऊन साधारण साठ टक्के भगर उतरते असं धरलं, तरी तुसाची वरई आणि पुडीतली भगर यांच्या भावात जी दरी आहे ती सगळी बाहेर राहते. २०२३ हे साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. आपणही फेऱ्या काढल्या, पाककृतीच्या स्पर्धा घेतल्या. केंद्राचा हमीभाव मात्र भरडधान्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिघींनाच आहे. वरईला नाही. नाचणीला २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला, साध्या भाताला २,३६९. कागदावर नागली भाताच्या दुप्पट गेली. पण डोंगरातल्या दोन-चार पायल्या नागलीसाठी काटा घेऊन वर कोण येणार? वीस घरांनी नागली एका जागी केली तरच तो भाव भाव आहे, नाही तर वर्तमानपत्रातली बातमी आहे.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्या गावरान वाणांना आमच्या खात्यासकट कुणी विचारत नव्हतं, ती त्यांनी गाडग्यामडक्यांत जपली, बायफ संस्थेने बियाणे बँक उभी करायला हात दिला. बियाणं वाचलं. आता त्या बियाण्याच्या धान्याला वाडीतच भरडणारी, निवडणारी, पुडी बांधणारी सोय झाली तर काम पुरं होईल. भगर काढायचं छोटं यंत्र एका खोलीत मावतं. बचत गटाला ते चालवणं अवघड नाही, सिंगल फेजवर मोटर फिरली पाहिजे एवढंच. अवघड आहे ते कागद.

कागदाचं थोडं सविस्तर बोलतो, कारण तलाठी आणि ग्रामसेवक मित्र हे पान वाचतात. वाडीतल्या सातबाऱ्यावर अजून आजोबाचं नाव, खाली दहा-बारा वारस, खातं सामाईक. कसणारा एक, नावं बारा, त्यातले चार मुंबईला. आम्ही योजना घेऊन जातो तेव्हा खातेफोड मागतो, बाराजणांच्या सह्या मागतो, आणि तो माणूस शांतपणे म्हणतो, 'राहू द्या साहेब.' २०२५ पासून तर ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक मागतात. सातबाऱ्यावर नाव नाही तर क्रमांक कसा निघणार? शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी शासनाने २०२५ मध्ये माफ केली आहे. वारसनोंदीचं आणि वाटणीचं शिबिर तालुक्याला ठेवून चालणार नाही, ते वाडीतल्या मारुतीच्या पारावर घ्या, आणि भात निघायच्या आधी घ्या. दिवाळीनंतर ठेवलंत तर सह्या करायला कुणी सापडणार नाही.

दुसरी गोष्ट निधीची. पेसा कायदा १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम २०१४ चे. त्या नियमांप्रमाणे वाडीला किंवा पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायचा ठराव करता येतो, आणि प्रस्ताव प्रांताकडे जातो. स्वतंत्र गाव झालं की ग्रामसभा तिची, कोष तिचा. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट येतो. पण मोठ्या गावठाणात ग्रामसभा भरली की बहुमत गावठाणाचं. सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि वाडीचा झरा बांधायचा राहतो. यात कुणी मुद्दाम वाईट वागतो असं मी म्हणत नाही. जो हजर त्याचा ठराव, एवढंच. इंडोनेशियानेही २०१४ साली गावांचा कायदा केला आणि २०१५ पासून केंद्राचा पैसा तिथल्या लहान खेड्यांना सरळ पाठवायला सुरुवात केली. म्हणजे हा विचार काही आपल्याच डोंगरातला नाही.

काहीजण म्हणतील, आता काजवे बघायला गाड्यांची रीघ लागते, तंबू झाले, वाडीत पैसा खेळतो. खेळतो, पण मे-जूनचे दोन-तीन आठवडे, आणि रस्त्यालगतच्या घरांत. पिठलं-भाकरीचे पैसे जिला मिळतात तिला मिळोत. आत दोन मैलांवरच्या वाडीला त्या गाड्यांचे फक्त दिवे दिसतात.

सरपंच मंडळींना एकच सांगणं. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा चार. २६ जानेवारीला निम्मी वाडी नारायणगावच्या बाजूला असते. १ मेला काही परतलेले, काही वाटेत. १५ ऑगस्टला आवणी उरकून माणूस घरी असतो, आणि २ ऑक्टोबरला भात उभं असतं, तेव्हाही असतो. वाडीचा झरा, वाडीची भगरगिरणी, वाडीचा स्वतंत्र गावाचा ठराव, हे विषय या दोन सभांच्या नोटिशीत पहिले घाला, आणि नोटीस पंचायतीच्या फळ्यावर न चिकटवता आदल्या आठवड्यात शिपायाच्या हाती वाडीवर पाठवा.