वाघाला पूल, आम्हाला जागल



नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना जनावरांना खालून जाता यावे म्हणून जागोजाग रस्ताच उंच उचलला. त्यातला एक पूल तर ७५० मीटर लांब. वरून ट्रक, खालून वाघ. कोर्टकचेऱ्या झाल्यावर का होईना, सरकारने केले. चांगले केले.

पण तोच रोही, तेच रानडुक्कर जंगल सोडून आपल्या धुऱ्यावर आले की पूल नाही, कुंपण नाही. दाण्यात आलेली ज्वारी एका रात्रीत लोळते. रात्र रात्र मचाणावर डबडे वाजवायचे, आणि डोळा लागला की वर्ष गेले. म्हणून कित्येक गावांनी ज्वारी पेरणेच सोडले. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले. आता कपाशी पिकवणारा भाकरीची ज्वारी दुकानातून आणतो!

जनावर मारायचे तर १९७२ च्या कायद्याने परवानगी हवी. भरपाई मागायची तर अर्ज, पंचनामा, हेलपाटे.

ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गेटाजवळच्या पोरांना गाईडचे, जिप्सीचे काम मिळाले, हे खरे. दहा कोसांवरच्या कोरडवाहूच्या वाट्याला मात्र जागलच.

जंगल देशाचे, तर त्याची राखणही देशाच्या खर्चाने व्हावी. सफारीच्या तिकिटातून गावशिवाराला सामूहिक कुंपण द्या, भरपाई बाजारभावाने द्या. जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणि जुन्या पंचनाम्यांच्या नकला सोबत आणा. ज्यांचा पंचनामाच झाला नाही, त्यांनी तर आधी यावे.