चिलखत वेळेवर पोहोचेल काय?

सैनिकाच्या अंगरक्षणाच्या साधनांत आपल्या देशात अलीकडे जी प्रगती झाली, ती निःसंशय अभिनंदनीय आहे. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने एप्रिल २०२४ मध्ये भारतीय मानकातील सहाव्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीच्या धोक्यास तोंड देणारे हलके जाकीट सिद्ध केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने निर्मिलेल्या ‘अभेद’ जाकिटांची घोषणा झाली. श्रेणीनुसार त्यांचे किमान वजन ८.२ व ९.५ किलो आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यापूर्वीच ‘भाभा कवच’ घडविले असून, त्याचे उत्पादन हैदराबादची ‘मिधानी’ करते.

या चिलखतांचे मर्म बोरॉन कार्बाइड या पोलादाहून हलक्या, परंतु अत्यंत कठीण पदार्थात आहे. गोळीचे टोक त्याच्या तबकडीवर फुटते आणि उरलेला वेग मागील पॉलिइथिलीनचे थर शोषून घेतात. वजनाचा प्रश्न गौण नव्हे. शस्त्र, दारूगोळा व पाणी वाहणाऱ्या शिपायाला डोंगर चढताना प्रत्येक किलो जाणवतो; आणि जड म्हणून अंगावरून उतरविलेले चिलखत कोणाचेच रक्षण करीत नाही.

तथापि प्रयोगशाळेतील यश आणि शिपायाची छाती यांमधील अंतर किती मोठे असते, याचा अनुभव देशाने घेतला आहे. सैन्यासाठी १,८६,१३८ जाकिटांच्या खरेदीस २००९ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे ६३९ कोटी रुपयांचा करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये! मधल्या काळात नमुने चाचण्यांस उतरले नाहीत, प्रक्रिया नव्याने आरंभावी लागली, आणि २०१६ मध्ये ५०,००० जाकिटांची तात्पुरती तजवीज करून निकड भागवावी लागली.

घाईने निकृष्ट माल घेण्यापेक्षा विलंब बरा, असे यावर म्हटले जाईल. सदोष चिलखत हा शिपायाचा विश्वासघात आहे, हे आम्हांसही मान्य आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे धारातीर्थी पडल्यानंतर पोलिसांच्या जाकिटांच्या दर्जाविषयी उठलेले प्रश्न मुंबई विसरलेली नाही. परंतु कठोर परीक्षा आणि दीर्घ विलंब यांचा अविभाज्य संबंध नाही. दशकातून एकदा प्रचंड खरेदी काढावयाची आणि नमुने नापास होताच सारे प्रथमपासून मांडावयाचे, ही पद्धतीच विलंबाला जन्म देते.

डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने या जाकिटांसाठी स्वतंत्र मानक ठरविले. त्याचा उपयोग आता व्हावा. मानकास उतरलेल्या उत्पादकांची यादी सदैव सिद्ध असावी, खरेदी दरवर्षी थोडी थोडी व्हावी, आणि आलेल्या प्रत्येक मालातून नमुने काढून ते गोळी झाडून तपासावेत. या जाकिटांनाही आयुर्मर्यादा असते. त्यांतील तंतू काळाने जीर्ण होतात. २०१८ च्या कराराची जाकिटेही त्यास अपवाद नाहीत. ती बदलण्याचा विचार मुदत संपल्यावर करावयाचा, तर मागील नऊ वर्षांचीच पुनरावृत्ती होईल. कच्च्या मालाचा प्रश्नही असाच दूरदृष्टीचा आहे. गलवानच्या संघर्षानंतर, २०२० मध्ये, चिनी मालावरील अवलंबनाची चर्चा झाली. स्वदेशी बोरॉन कार्बाइडचे महत्त्व त्यामुळे अधिकच आहे.

पोलीस शिपायालाही या हिशेबात स्थान हवे. तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीला मिठी मारली. त्या शौर्यापुढे सारा देश नतमस्तक झाला. परंतु पोलिसांवर अशा शौर्याची पाळी येऊ न देणे हे शासनाचे काम होते.

‘अभेद’चे तंत्रज्ञान तीन उद्योगांना देण्याची तयारी २०२४ मध्येच जाहीर झाली होती. त्यातून किती जाकिटे, कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या तुकड्यांना मिळणार, याचे वेळापत्रक सरकारने संसदेपुढे ठेवावे आणि दरवर्षी त्याचा हिशेब द्यावा, अशी आमची मागणी आहे.